सरासरीएवढा पाऊस होऊनही हीर जानेवारीतच तळाला, बोअर मारावा का? (माण)

माणदेशी_गडी:
नमस्कार मंडळी. म्हसवडच्या वरच्या अंगाला आमचं सात एकर रान, त्यातलं दोन एकर डाळिंब हिरीवर भिजतंय. हीर ५५ फूट. आबा सांगतात पूर्वी दिवाळीला चार परस (चार पुरुष खोल) पाणी असायचं, शाळू (रब्बी ज्वारी) निघाला तरी मोटर चालू असायची. यंदा महसूल मंडळाचा पावसाचा आकडा बघितला तर सरासरी भरलेली, आणि इकडं मोटर वीस मिनिटांत हवा धरतेय. चुलते म्हणतात सरळ ६०० फूट बोअर मारू, डाळिंब काढू, ऊस लावू, जिहे-कठापूर उपसा योजनेचं पाणी आंधळीच्या धरणात आलंय तर आज ना उद्या आपल्याकडंबी येईल. काय करावं?

कातळ_कुदळ:
सरासरी लई फसवी असते भावा. आकडा नको, पावसाचे दिवस मोज. तेच ५०० मिमी जून ते सप्टेंबर झिमझिम पडले तर मुरतात, चार रात्रीत कोसळले तर ताली फोडून ओढ्यानं माणगंगेला जातात, तुझ्या हिरीला काय?
दुसरं म्हणजे खाली बेसॉल्ट. वरचा मुरूम आणि मांजऱ्या (सच्छिद्र, झिजलेला खडक) यातच काय ते पाणी मावतं, तेही घनफळाच्या १ ते ३ टक्के. त्याखालच्या काळ्या पाषाणात नुसत्या चिरा. म्हणून आपली हीर पटकन भरते आणि पटकन उतरते, एका चांगल्या सालाचं पाणी पुढच्या दुष्काळाला शिल्लक राहत नाही.
आता हिशोब बघ. ५०० मधला दहावा हिस्सा मुरला असं धरलं तर ५० मिमी. उसाला वर्षाला २००० च्या आसपास लागतं. म्हणजे एक एकर उसाला चाळीस एकरांवर मुरलेलं पाणी. तुझं रान किती? सात.

आटपाडीचा_पाव्हणा:
बोअरचं आमच्याकडनं ऐका. २०१९ चा उन्हाळा, तुमच्या माणात जनावरं छावणीला होती (आणि त्याच ऑगस्टात सांगलीत होड्या!), तेव्हा आम्ही तीन बोअर मारले. दोन कोरडे. तिसऱ्याला ४८० फुटांपर्यंत नुसता पांढरा फुफाटा, बायका तोंडाला पदर लावून उभ्या, ५१० ला ओला गारा आला तसा वडलांनी नारळ फोडला. दीड इंच पाणी, अकरा महिने चाललं. आणि भावकीची हीर आटली ती आमच्याच बोअरनं असं झालं, खरं खोटं चिरांनाच माहीत, पण अजून ते आमच्या लग्नाला येत नाहीत. डाळिंबाचंही सोपं नाही म्हणा, बहार धरला की अवकाळी येतो आणि तेल्या रोग उठतो.

ऊसवाला_खटाव:
हिशोब बरोबर आहे पण शाळू काढायला मजूर दाखवा आधी. उसाला तोड मिळते, कारखाना पैसे देतो, उशिरा का होईना. लोक येडे म्हणून ऊस लावत नाहीत.

कातळ_कुदळ:
@ऊसवाला_खटाव पटतंय. पण पाइपलाइनचं पाणी आवर्तनानं (ठरल्या पाळीनं) येतं, दोन आवर्तनांच्या मधे ऊस जगवायला परत हिरीच उपसतात, तिथंच मार बसतो. आणि २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरच्या खाली गेलं की ती खोल विहीर धरतात, अधिसूचित भागात नवीन मारायला बंदी आहे. ६०० फूट म्हणजे १८० मीटर, आधी चौकशी करा. त्यापेक्षा ओढ्यातला नालाबांध बघा, गाळानं भरला असंल.

माणदेशी_गडी:
भरलाय, पोरं त्यात क्रिकेट खेळतात 😅 आज दोरीला दगड बांधून मोजलं, पाच फूट पाणी. चुलत्यांना चाळीस एकरांचा हिशोब वाचून दाखवला. ऐकून घेतलं सगळं, मग म्हणाले बोअरच्या गाडीवाल्याला परवाच ॲडव्हान्स दिलाय.