मदत हवी आहे: लोखंडी केसिंगच्या (आतल्या पाइपाच्या) विहिरीचं मॉडेल, मेश (जागेचे पाडलेले सेल) बदलला की उत्तर बदलतं

खडकवेडा: विहीर १ किमी, स्टीलचं केसिंग, बाहेरचा व्यास २० सेंमी, जाडी १ सेंमी. भोवतालचा खडक १०० ओहम-मीटर. करंटचं एक टोक केसिंगच्या तोंडाला जोडलंय. सिमपेगमध्ये (भूभौतिकी मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर) चौकोनी मेश, विहिरीपाशी ५ मीटरचे सेल. सेल निम्मे केले की जमिनीवरचं विद्युतक्षेत्र पार वेगळं येतं. खरं कुठलं धरू? शुक्रवारी गाइडना दाखवायचंय, प्लीज लवकर सांगा.

मेशकरी: डीसी (स्थिर करंट) आहे की फ्रिक्वेन्सी (बदलता करंट)? स्टीलची वाहकता किती दिलीस, आणि कुठल्या सेलना?

खडकवेडा: ५० लाख सीमेन्स प्रति मीटर. विहीर ज्या सेलमधून जाते त्या सगळ्यांना.

दख्खनी: सॉल्व्हर (समीकरणं सोडवणारा प्रोग्राम) बदल. पार्डिसो लावल्यापासून माझी रन निम्म्या वेळात होते.

मेशकरी: वेळेचं कोण विचारतंय? पोलादाचा आडवा छेद ०.००६ चौ.मी., मॉडेलमध्ये गेला २५ चौ.मी. चार हजार पटींहून जास्त! वाहकता गुणिले क्षेत्रफळ कायम ठेव. ५ मीटरच्या सेलला साधारण १,२०० सीमेन्स प्रति मीटर, अडीचच्या सेलला ४,८००.

उभाछेद: हे डीसीपुरतंच चालतं. सापेक्ष चुंबकीय पारगम्यता १०० धरली तर स्टीलमध्ये स्किन डेप्थ (बदलता करंट पृष्ठभागापासून साधारण जितका आत शिरतो ते अंतर) १ हर्ट्झला २२ मिमी, १० हर्ट्झला ७ मिमी, म्हणजे केसिंगच्या जाडीहून कमी. दंडगोलाकार मेश घे, जाडीत निदान चार सेल पाड.

मेशकरी: दुसरा इलेक्ट्रोड बाजूला असला की कोनातही सेल पाडावे लागतात. शुक्रवारपर्यंत कसं होणार ते?

उभाछेद: घाई आहे म्हणून चुकीचं भौतिकशास्त्र दाखवायचं का?

शेतकरीदादा: जुन्या बोअरला लोखंडी पाइप आहे. रेझिस्टिव्हिटीवाले म्हणाले, तिथून लांब रीडिंग घेऊ. बरोबर का?

उभाछेद: बरोबर आहे दादा, करंट पाइपातून पळतो. वेगळा धागा काढा, तिथे नीट बोलू.

खडकवेडा: डीसीच आहे सध्या.

मेशकरी: मग हेही तपास. स्टीलची वाहकता, छेदाचं क्षेत्रफळ आणि खडकाची विद्युतरोधकता यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढ, सुमारे १.७ किमी येतं; साधारण एवढ्या अंतरात करंट केसिंगमधून खडकात झिरपतो. केसिंग त्याहून आखूड, म्हणून केसिंगमधला करंट खोलीनुसार आलेखावर जवळजवळ सरळ रेषेत कमी व्हायला हवा. मेशच्या सीमा कित्येक किमी लांब ने.

खडकवेडा: रेषा आली! दोन्ही मेश जुळले, विहिरीला अगदी लागून थोडा फरक उरतो. पुढे १ हर्ट्झ करायचंय, पण केसिंगची पारगम्यता कुठून आणू?

उभाछेद: विहिरीचा पाइप कुठल्या ग्रेडचा आहे?