नारायणाचं आडनाव काय? (आडनाव नसलेली तुमची पात्रंही चालतील)

मंजिरी_नाशिक
परवा भाच्याचं लग्न झालं. हॉलभर काळे टी-शर्ट घातलेली, कानात यंत्रं खुपसलेली इव्हेंटवाली पोरं. मुहूर्त तोंडावर आणि अंतरपाट सापडेना. आत्याबाई खुर्चीतूनच ओरडल्या, "अरे, यांच्यातला नारायण कोण?" पोरांना ओ की ठो कळलं नाही. आमची मात्र हसून पुरेवाट.

मग आठवलं. मे महिन्यात आजोळी पुलंच्या 'व्यक्ती आणि वल्ली'ची कॅसेट लागायची आणि संपली की भावंडांत वाद ठरलेला. गटण्याला आडनाव आहे, रिसबुडाला आहे, अंतू बर्व्याला तर आहेच. अख्खा मांडव अंगावर घेणाऱ्या नारायणालाच का नाही? मामा म्हणे गोडबोले असणार, त्याशिवाय विहीणबाई आवरत नाहीत. मी त्याचं एक मोडलेलं लग्नच रचून ठेवलं होतं. याद्यांच्या वेळी फिसकटलं, तेव्हापासून हा दुसऱ्यांची कार्यं निभावत हिंडतो.

तुम्ही काय काय रचलंयत? लिहा.

खवट_खोबरं
साठे. दुकानातला साड्यांचा सगळा साठा उपसायला लावतो म्हणून. विषय संपला.

दादरकर_काका
आडनावाचं सोडा, नोकरीचं बोला. मुंबईत १९४३ ला रेशनिंग आलं. त्या दिवसांत पंगतीला जिलबी करायची तर साखर कुठून आणणार? माझा पक्का संशय आहे, नारायण रेशनिंगच्या कचेरीत होता. एवढ्या रजा तरी कोण देतं हो? साहेबाच्या मुलीचं लग्न यानंच उरकून दिलेलं असणार.

पिंपळपान
काका, हे आमच्या एचआरला दाखवते. मला सख्ख्या बहिणीच्या लग्नाला दोन दिवस मिळाले, त्यातही एक मीटिंग मेंदी लावता लावता.

सुलभा_क
आमचा धाकटा मामा. बंडीच्या आतल्या खिशात सेफ्टीपिना, सुतळी, सुपाऱ्या, केसांचे आकडे आणि फ्यूजची तार. हो, फ्यूजची तार. ऐन सप्तपदीला दिवे गेले तरी हा अंधारात बरोबर मेन स्विचपाशी. स्वतः बिनलग्नाचा. एकदा विचारलं, मामा तू का नाही केलंस? म्हणाला, "हॉल मिळाला नाही." मोठ्या मावशीला काहीतरी ठाऊक होतं, पण तिने तोंड उघडलं नाही ते नाहीच. मामा गेला तेव्हा तिरडीचं सामान कुठे मिळतं हे घरात एकालाही माहीत नव्हतं. तेही तोच आणायचा. त्यामुळे माझ्यापुरता नारायण आमच्याच आजोळचा, आडनाव सांगत नाही.

पिंपळपान
सुलभाताई, तुमच्यापायी भाजी लागली खाली.

ऑफिसातून_चोरून
त्याच पुस्तकातले हरितात्या! नुसतेच हरितात्या. शाळेत मी मित्राला पटवलं होतं की ते नाटक कंपनीत होते. शिवाजी व्हायला गेले आणि जन्मभर मावळ्याच्याच भूमिकेत भाला धरून उभे. म्हणून तर महाराजांच्या शेजारी असल्यासारखं सगळं तोंडपाठ. मित्र म्हणाला, पुरावा? म्हटलं, शाबीत करीन.

बॉस आला. पुढचं नंतर.

वैदर्भी
मला वाटतं पुलंनी मुद्दाम गाळलंय. आपल्याकडे आडनाव कळलं की पुढच्या मिनिटाला गाव निघतं, मग जात, मग "कुठले देशमुख तुम्ही?" नारायण साने असता तर सान्यांकडेच राहिला असता. आमच्याकडचा वानखेडे होता. पंगतीत वडाभात वाढताना आग्रह असा की उठणारा परत बसायचा.

खवट_खोबरं
पटलं. पण पुस्तकातली बाकीची मंडळी बरीचशी एकाच आळीतली आहेत, हेही म्हणा की.

दादरकर_काका
त्यातले पारशी पेस्तनकाका कुठल्या आळीतले हो? आणि त्या पुस्तकाला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे, आळी बघून नाही मिळत.

खवट_खोबरं
काका, मी 'बरीचशी' म्हटलं. बीपीची गोळी घेतलीत ना?

चिमुकली_चिंच
पुलंच्या 'म्हैस' कथेतली सुबक ठेंगणी!! मधू मलुष्ट्याचं नाव मिळतं, झंप्या दामल्याचं मिळतं, म्हैसवाल्या धर्मा मांडवकराचंसुद्धा. हिचं नावही नाही, आडनावही नाही. गणपतीला गावी जाताना आमच्या गाडीत यावर दरवर्षी जुंपते. ह्यांच्या मते नर्स, बदलीवर निघालेली. माझ्या मते नवऱ्याशी भांडून. सासूबाई मागून म्हणतात, "त्या म्हशीला लागलं त्याचं कुणाला काही नाही."

पिंपळपान
सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

मंजिरी_नाशिक
सुलभा, मोठ्या मावशी आहेत का अजून? असतील तर विचारून घे गं. आमच्या मामाला विचारायचं राहिलंच, गोडबोले का ते.

ऑफिसातून_चोरून
चिंच, गणपतीला कुठून जाता? मुंबई-गोवा रस्त्यावर माणगावात तसंच तुंबतं का अजून?

चिमुकली_चिंच
तसंच. पहाटे गाडी काढलीत तर ठीक, नाहीतर गाडीतच आरती म्हणा. पुण्याकडून असाल तर कुंभार्ली घाटाने उतरा.

फेणे_फॅन
फास्टर फेणेच्या मित्राचा, सुभाष देसाईचा वेगळा धागा काढू का? की लोक माजी मंत्री समजून येतील?

खवट_खोबरं
काढ. भांडायला येतो.

ऑफिसातून_चोरून
कुंभार्लीने उतरलं की चिपळूणला शाकाहारी बरं कुठे मिळेल? सासरे बरोबर आहेत, आणि मला तर तिथे मासेच खायचेत.