थिंकपॅड टी४८०: आय५ फुल एचडी की आय७ साध्या स्क्रीनचा?

मुलुंडची_मृण्मयी
भावाला इंजिनीअरिंगला अ‍ॅडमिशन मिळालीय, नवीन लॅपटॉपचं बजेट नाही म्हणून लेनोव्होचा सेकंडहँड थिंकपॅड टी४८० बघतोय. लॅमिंग्टन रोडला फिरलो तर एकाच मॉडेलमध्ये इतके प्रकार की काही सुचेना. एक आय५-८२५०यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम, फुल एचडी. दुसरा आय७-८६५०यू, १६ जीबी, पण स्क्रीन १३६६ बाय ७६८, आणि चार हजार जास्त. दुकानदार म्हणतो आय७च न्या. आधीचं मॉडेल टी४७० पण आहे, बराच स्वस्त. कोडिंग आणि थोडं टूडी ऑटोकॅड करणार, रोज लोकलने विद्याविहारला जाणार. कुठला घेऊ?

कल्याणकर
ताई, टी४७० सोडून द्या. त्यात बहुतेक सातव्या जनरेशनचा आय५ असतो, दोनच कोर, आणि विंडोज ११ ला तो अधिकृतपणे चालत नाही, विंडोज १० चा सपोर्ट तर १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. टी४८० २०१८ चा, त्यातल्या आठव्या जनरेशनच्या आय५ लाही चार कोर आठ थ्रेड आहेत आणि आय७ लाही तेवढेच. फरक काय तर टर्बो (थोडा वेळ मिळणारा जास्तीत जास्त वेग) ३.४ च्या जागी ४.२ गिगाहर्ट्झ आणि कॅशे (प्रोसेसरमधली छोटी, वेगवान मेमरी) ६ च्या जागी ८ एमबी, पण दोन्ही १५ वॉटचेच, जरा वेळ लोड राहिला की गरम होऊन दोघांचाही वेग खाली येतो, मग त्या ४.२ चा उपयोग किती?
स्क्रीनचं मात्र तसं नाही. ती ७६८ वाली टीएन म्हणजे स्वस्तातल्या पॅनलची असते, जरा बाजूने बघितलं की रंग बदलतात, कोडच्या ओळी कमी मावतात, ऑटोकॅडचे टूलबारच अर्धी जागा खातात. पोरगं चार वर्षं रोज त्याच स्क्रीनकडे बघणार आहे हो! आय५ फुल एचडी घ्या, वाचलेल्या पैशात रॅम वाढवा. टी४८० ला रॅमचे दोन स्लॉट आहेत (टी४८०एस ला एकच, बाकी रॅम बोर्डावर सोल्डर केलेली, तो बारीक आणि देखणा आहे म्हणून भुलू नका). ८ ची दुसरी स्टिक टाकली की ड्युअल चॅनल होतं, म्हणजे दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरल्या जातात, ग्राफिक्स प्रोसेसरमधलंच असल्याने त्यालाही फायदा.

हार्डवेअरवाला_दादर
+१. फक्त पैसे द्यायच्या आधी तिथेच उभं राहून दोन-तीन गोष्टी बघा. चालू करताना एफ१ दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये) जा, सुपरवायझर पासवर्ड, म्हणजे त्या सेटिंगचं कुलूप, मागितला तर तो पीस घेऊच नका, कंपन्यांमधून आलेल्या मालात हे असतं आणि मदरबोर्डवरचा छोटा सेल काढून तो पासवर्ड जात नाही. दोन्ही टाइप-सी पोर्टवर चार्जिंग होतंय का बघा. त्यातला एक थंडरबोल्ट (जास्त वेगवान) पोर्ट आहे, त्याच्या जुन्या फर्मवेअरमुळे, म्हणजे आतल्या सॉफ्टवेअरमुळे, तो मरतो, लेनोव्होने अपडेट दिलंय, घरी नेल्यावर पहिलं ते टाका.

मुलुंडची_मृण्मयी
थँक्यू दोघांनाही. बॅटरीचं काय? दुकानदार म्हणतो दोन बॅटऱ्या आहेत.

हार्डवेअरवाला_दादर
बरोबर, आतली २४ वॉट-अवरची आणि मागची काढता येते ती २४, ४८ किंवा ७२ ची. लॅपटॉप चालू असतानाच मागची बदलता येते. ४८ आणि ७२ वाल्या खाली फुगीर आणि जड असतात, लोकलच्या गर्दीत सॅकमध्ये २४ बरी. विंडोजमधून बॅटरी रिपोर्ट काढायला सांगा, डिझाइन कपॅसिटीच्या निम्म्यावर आली असेल तर नवीन बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून घ्या.