काबाल्लुस म्हणजे आधी तट्टू

लॅटिनमध्ये घोड्याला 'एक्वुस' आणि 'काबाल्लुस' असे दोन शब्द आहेत. 'काबाल्लुस' हा 'एक्वुस'चा निव्वळ समानार्थी शब्द असं कुणी म्हटलं, तर त्यात थोडी भर घालतो. एक्वुस म्हणजे लढाईतला, शर्यतीतला उमदा घोडा. आपल्या 'अश्व'चा सख्खा भाऊ. काबाल्लुस मात्र ओझ्याचं तट्टू. पहिल्या शतकातल्या पर्सिउस या रोमन कवीने पेगॅसस या ग्रीक पुराणातल्या पंखवाल्या घोड्याच्या पवित्र झऱ्याला 'तट्टाचा झरा' म्हणून हिणवलं, ते याच अर्थाच्या जोरावर! पुढे लोकांच्या तोंडी तट्टूच टिकलं: फ्रेंच शव्हाल, स्पॅनिश काबायो, पोर्तुगीज काव्हालू. आपल्याकडेही 'अश्व' पोथीत राहिला आणि 'घोटक'चा घोडा रोजच्या बोलण्यात आला. हे साम्य मला फार आवडतं. घोडीने मात्र जुनं घराणं सोडलं नाही. स्पॅनिश 'येग्वा' थेट लॅटिन 'एक्वा'पासून, म्हणजे एक्वुसच्याच स्त्रीलिंगी रूपापासून आली.