मदत हवी आहे : बुरशी धरलेली जुनी कॅसेट कुठे दुरुस्त होईल?

मंडळी, माझा मावसभाऊ, आम्हा सगळ्यांचा दादा, गेल्या श्रावणात गेला. परवा मावशीची ट्रंक उपसताना त्याची बाराबंदी सापडली. बारा बंदांतला एक तुटलेला, आणि घडीत गुंडाळलेली एक कॅसेट. वर निळ्या शाईत, त्याच्याच अक्षरात 'अक्षता, १९९४'.

सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत दादा काठी (नंदीध्वज) धरायचा. सातही नंदीध्वज ६८ लिंगांच्या दर्शनाला निघाले की आम्ही पोरं त्याच्या मागे धावायचो. त्या वर्षी खांद्याला लागलं म्हणून तो संमती कट्ट्यापाशी, जिथे सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता पडतात तिथे, टेपरेकॉर्डर घेऊन बसला होता (सेल माझ्या खाऊच्या पैशातून आणले, ते पैसे शेवटपर्यंत दिले नाहीत!). मधूनमधून तो स्वतःच काय चाललंय ते सांगत होता, एवढं आठवतं. त्याचा आवाज आमच्याकडे दुसरा कुठेच नाही.

आता अडचण अशी. फितीवर पांढरी बुरशी आहे, आतला छोटा नमद्याचा तुकडा निघून पडलाय आणि कॅसेटला स्क्रू नाहीत, कवच चिकटवलेलं आहे. एका दुकानदाराने "लावून बघू" म्हणत प्लेअरमध्ये घालायला घेतली, मी हातातून ओढून घेतली. तशी वाजवली तर फीत अडकून तुटेल ना?

सोलापुरात फीत साफ करून दुसऱ्या कवचात घालणारं, मग मोबाईलवर ऐकता येईल असं करून देणारं कुणी आहे का? पुण्याला जायचीही तयारी आहे, पण कुरियरने पाठवणार नाही. मावशीला अजून काही सांगितलेलं नाही.