बूटच्या वेळचे घड्याळ आणि लॉगमधील नोंदी
नेटवर्क मिळताच एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारी पद्धत) वेळ दुरुस्त करते, त्यामुळे बूटच्या, म्हणजे संगणक चालू होण्याच्या, सुरुवातीला वेगळे काही करावे लागत नाही, हे मत मला पटत नाही. तोपर्यंत लॉगमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदींच्या फाइलमध्ये, गेलेल्या ओळींवरची चुकीची वेळ नंतर बदलत नाही. सोलापुरातील एका टॉवेल कारखान्यात मागांची नोंद ठेवणाऱ्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर हे मी पाहिले आहे. वीज ३:५० ला गेली, ४:४५ ला आली, आणि लॉग मात्र पुन्हा ३:१७ पासून सुरू झाला, कारण बॅटरीवरचे घड्याळ नसताना शेवटची वेळ फाइलमध्ये जपणारा फेक-एचडब्ल्यूक्लॉक हा प्रोग्राम दर तासाच्या क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामे चालवणारी सोय), म्हणजे डेबियन या लिनक्स प्रणालीत १७व्या मिनिटाला, वेळ जपून ठेवत होता आणि चालू होताना तीच वेळ लावत होता. बॅटरीवरचे डीएस३२३१ हे घड्याळाचे मॉड्यूल बसवल्यावर ही गल्लत थांबली. त्यात वेळ मात्र यूटीसीच (जागतिक प्रमाणवेळ) ठेवावी, भारतीय वेळ नव्हे, अन्यथा साडेपाच तासांचा फरक पडतो.