एडमंड आणि रेशनची साखर

सी. एस. लुईसची नार्निया ही मुलांसाठीची पुस्तकमाला चाळिशीत पहिल्यांदा वाचताना त्यातला एडमंड हा मुलगा पटत नाही, डबाभर मिठाईसाठी कुणी सख्ख्या भावंडांशी दगा करतं का, असं एका वाचकाने म्हटलंय. मला तर तो मोठेपणी वाचल्यामुळेच कळला. पहिलं पुस्तक आलं १९५० मध्ये आणि ब्रिटनमध्ये गोड खाऊवरचं रेशनिंग उठलं ते फेब्रुवारी १९५३ मध्ये. गोष्टीतली मुलं तर ऐन युद्धात, बाँबहल्ल्यांमुळे लंडनबाहेर पाठवलेली. अशा पोरापुढे टर्किश डिलाइटचा अख्खा डबा! त्यात ती मिठाई मंतरलेली, खाल तितकी हाव वाढवणारी.

हे प्रकरण मी इथे इंदूरला आईला वाचून दाखवलं. सराफा, म्हणजे इथला रात्रीचा खाऊबाजार, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, गोडाची कधी वानवा नाही. तरी आई एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "रेशनची साखर वरच्या फळीवर असायची. मी बोट ओलं करून डब्यात बुडवायचे, आणि पकडले गेले की धाकट्याचं नाव सांगायचे." त्याने मार खाल्लेला तिला अजून आठवतो. आता रोज रात्री एक प्रकरण वाचतो आम्ही, प्रकाशनाच्याच क्रमाने. सध्या चौथं पुस्तक चालू आहे.